मेथडिस्ट चॅपलचा इतिहास शोधायला गेलो आणि तीन आठवडे भलत्याच चॅपलच्या मागे होतो (माझा अनुभव)

इंग्लंडमधलं एक छोटं गाव, तिथलं मेथडिस्ट चॅपल (मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, चॅपल म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर). सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज (जुन्या इमारती लोकांना बघायला खुल्या ठेवायचे दिवस) असतात तेव्हा ते लोकांना दाखवायचं होतं, त्यासाठी एक पानाची माहिती लिहायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. म्हटलं दोन संध्याकाळी पुरतील.

दर्शनी भिंतीवर वरती एक दगड आहे, त्यावर फक्त 'एबेनेझर' आणि साल. एबेनेझर म्हणजे साहाय्याचा दगड, बायबलमधलं नाव, अशी बरीच चॅपलं सापडतात. पण कुठल्या मेथडिस्टांचं ते काही लिहिलेलं नाही, आणि मेथडिस्टांमध्येही भाऊबंदकी होती हे मला कुठे माहीत! पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याच्या मूळ घरातले ते वेस्लियन, आणि १८०७ ला मो कॉपच्या टेकडीवर उघड्यावर सभा भरवली त्यावरून खटके उडाले त्यातून पुढे वेगळे झाले ते प्रिमिटिव्ह. १९३२ ला बहुतेक सगळे परत एक झाले, मग पाट्या पण एकसारख्या झाल्या. मी आपला रेकॉर्ड ऑफिसात बसून वेस्लियन ट्रस्टींच्या वह्या चाळतोय, चाळतोय, आणि काहीच जुळेना. वहीत तबेल्याच्या दुरुस्तीचा खर्च, आणि आमच्या चॅपलला तबेला सोडा, सायकल लावायला जागा नाही.

सुटका नकाशाने केली. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) जुने २५ इंची, म्हणजे मैलाला २५ इंच अशा मापाचे नकाशे आहेत, इंग्लंडचे पण. तिथे आमच्या चॅपलच्या चौकोनाशेजारी बारीक अक्षरात 'प्रिमिटिव्ह'. कपाळावर हात मारला.

मग १८५१ चा धार्मिक सेन्सस बघितला. ३० मार्चच्या रविवारी किती लोक आले, बसायला फुकट जागा किती, बाकीच्या किती, इमारत कधी बांधली, सगळं त्या फॉर्ममध्ये विचारलेलं (हो, बाकांना भाडं असायचं, ज्याची ऐपत त्याची जागा पक्की). त्यात प्रिमिटिव्ह चॅपल दगडावरच्या सालाच्या आधीच हजर! म्हणजे दगड दुसऱ्या बांधकामाचा.

यानंतर इमारतच बोलायला लागली असं म्हणेन. पुढची भिंत नीटनेटकी, दोन्ही बाजूंना सारख्या कमानी, बाजूच्या भिंती मात्र साध्या विटांच्या, पैसा दिसेल तिथेच लावलाय. आत मधोमध उंच पुलपिट (प्रवचन देणाऱ्याचा कठडा असलेला मंच), कारण यांच्यात प्रवचन महत्त्वाचं, सगळ्यांना दिसायला आणि ऐकू यायला हवं. तिन्ही बाजूंनी गॅलरी, खाली ओतीव लोखंडाचे बारीक खांब. आणि बाजूच्या उंच खिडक्यांना गॅलरीची जमीन बरोबर मध्येच कापते, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. या प्रिमिटिव्ह चॅपलची हिशोबवही उघडल्यावर उत्तर मिळालं, गॅलरीच्या सुताराचं बिल चॅपल उभं राहिल्यावर काही वर्षांनी आलेलं. लोक वाढले, जागा पुरेना, मग खिडकीचा विचार कोण करतो.

वेस्लियनांचं चॅपल दोन गल्ल्या सोडून आहे, तिथे आता कार्पेटचं दुकान आहे. तीन आठवड्यांच्या नोट्स मी त्या दुकानदाराला देऊन आलो, तबेला कुठे होता ते त्याने लगेच दाखवलं, आता तिथे त्याची व्हॅन उभी असते.