दुसरी वेलांटी

लेकीच्या जन्मदाखल्यावर 'मनिषा' छापून आलं. पहिली वेलांटी! अर्जात मी दुसरीच दिली होती. नाव सुचवणारे माझे वडील संस्कृतचे निवृत्त मास्तर. दाखला बघून त्यांनी चष्मा काढून ठेवला, बोलले काहीच नाहीत.

खिडकीवरचे साहेब म्हणाले, "नाव बदलायचं तर गॅझेट लागतंय ओ ताई." झालं, तीन आठवडे त्यातच. प्रतिज्ञापत्र केलं. ऑनलाइन अर्ज भरणारा पोरगा म्हणाला, "जुनं नाव, नवीन नाव इंग्रजीत सेमच हाय की! काय टाकू?"

पुन्हा खिडकी. "एका वेलांटीनं काय फरक पडतोय? मनीषा म्हंजे इच्छाच की. तुमची मनीषा काय हाय ते सांगा." मागची रांग हसली. मी नाही हसले. मराठीत इच्छा, कबूल. पण हा शब्द 'मन्' म्हणजे विचार करणे या धातूच्या घरातला. मती, मनन, मंत्र ही त्याची भावंडं. वैयाकरण त्याची फोड मनस् + ईषा अशी करतात. नेहमीच्या संधीनं 'मन ईषा' व्हायचं, पण 'अस्' गळतो आणि उरते मनीषा. म्हणजे ती दुसरी वेलांटी ईषेची आहे, हौसेची नाही. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात कवी हृदयात शोध घेतात तो मनीषेनं, आणि इच्छेला त्याच ऋचेत वेगळा शब्द आहे : काम. हे सगळं मी खिडकीत बोलले. साहेब म्हणाले, "जेवणाची सुट्टी झाली."

वाट दाखवली शेजारच्या वकीलकाकांनी. 'बदल' म्हणूच नका, 'दुरुस्ती' म्हणा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ : मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करायची, खाली सही, तारीख. गॅझेटची गरजच नव्हती!

हां, एक राहिलं. नावाचा अर्ज देताना त्याच्या प्रतीवर पोच घ्या. माझ्याकडं होती, आणि तिच्यावर दुसरी वेलांटी ठसठशीत होती, म्हणून चूक कुणाची यावर वाद झाला नाही. दाखला घेताना खिडकी सोडायच्या आधी मराठी नाव वाचा. इंग्रजीत हे कळतच नाही.

नवा दाखला वडिलांनी भिंग लावून वाचला. आधारवर अजून पहिलीच आहे. तिकडं उन्हाळा सरला की जाईन.