स्टॉक ट्रेलर घेतला, आणि सगळा हिशोब एका गाईवर आला

गुरं-शेळ्या न्यायला ट्रेलर घ्यायचाय असं टेक्ससमध्ये कुणाला नुसतं बोललात तरी समोरचा लगेच विचारतो, स्टील का अॅल्युमिनियम? आणि मग त्यावर अर्धा तास भाषण. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न गाडीला वजन किती झेपतं हा, आणि त्याचं उत्तर तुमच्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीत पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर छापलेलं असतं आणि बहुतेकांनी ते कधी वाचलेलं नसतं.

आधी आमचं थोडं सांगतो. डॅलसच्या पूर्वेला कॉफमन काउंटीत आमची छोटीशी जमीन आहे, माती काळी, पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटणारी, अगदी आपल्या सोलापूर साइडसारखी. आठवडाभर लॅपटॉपवर नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ गुरं. ब्राह्मन क्रॉस गाई आहेत आणि थोड्या बोअर जातीच्या शेळ्या. (ही ब्राह्मन जात अमेरिकेत तयार झाली पण आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल वगैरेंच्या रक्तातून, त्यामुळे खांद्यावरचं वशिंड बघून आमच्या आण्णांना व्हिडिओ कॉलवर जाम आनंद होतो.) आतापर्यंत सेल बार्नला, म्हणजे जनावरांच्या लिलावाला, वासरं न्यायची म्हणजे शेजारच्या रँचरकडे हात पसरायचे नाहीतर भाड्याने कुणाला तरी बोलवायचं. शेजारी फार भला माणूस आहे पण त्याच्या-माझ्या तारखा जुळेनात आणि गाय आजारी पडली तर डॉक्टरकडे नेणार कशात, म्हणून मग आपलाच घ्यायचा ठरला.

आता तो स्टिकर. माझा पिकअप फोर्डचा एफ-१५०, म्हणजे इकडच्या भाषेत हाफ-टन, पिकअपमधला हलका वर्ग. ब्रोशरमध्ये ओढायची ताकद भलीमोठी लिहिलेली असते, तो आकडा बघून माणूस हरखून जातो. पण दरवाज्यातल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडाच्या वर जायचं नाही, आणि माझ्या गाडीत तो आकडा आहे १,६२०. ट्रेलरचं जे वजन हिचवर (पिकअपला ट्रेलर जोडायची जागा) खाली दाबतं, टंग वेट म्हणतात त्याला, ते याच १,६२० मधून वजा होतं. बंपर-पुल ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या मागच्या टोकाला जोडायचा, असेल तर भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन टंगवर यायलाच पाहिजे, कमी आलं तर मागचा ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो आणि मग गाडी आपल्या हातात राहत नाही.

मग कागद-पेन घेऊन बसलो. मी आणि बायको मिळून ३५० धरू, हिचचं सामान १००, पाना-जॅक-पाण्याचा कूलर आणि कुत्रा मिळून अजून १००. म्हणजे ५५० गेले, उरले १,०७०. टंगवर १३ टक्के धरले तर भरलेला ट्रेलर फार तर ८,२०० पाउंडांचा चालेल, मी गोल ८,००० पकडले. शिवाय पिकअपच्या मागे हिचच्या खाली वाकून बघितलं तर तिथे वेगळाच स्टिकर, की साध्या बॉलवर ५,००० पाउंड आणि टंग ५००, त्याच्या वर वेट-डिस्ट्रिब्युशन हिच (वजन पुढच्या चाकांवरही वाटणारा) लागेल. म्हणजे तो खर्चही धरा. बायको म्हणाली, "अरे, ट्रेलर बघायच्या आधीच तू एवढा हिशोब घालतोयस!" म्हटलं हिशोब झाल्याशिवाय डीलरकडे गेलो तर तो त्याचाच हिशोब आपल्या गळ्यात मारेल.

आणि तसंच झालं बरं का. पहिल्याच डीलरकडे सेल्समन म्हणाला १६ फुटी घ्या, आरामात सात-आठ गाई उभ्या राहतात. जागेच्या दृष्टीने खोटं नाही ते. १६ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद म्हणजे शंभराच्या वर चौरस फूट, हजार पाउंडांच्या जनावराला साधारण १२-१३ चौरस फूट लागतात. पण माझ्या गाई १,२०० पाउंडाच्या, म्हणजे ५४५ किलोच्या आसपास. सात उभ्या केल्या की ८,४०० पाउंड नुसत्या गाईच, ट्रेलरचं वजन अजून धरलंच नाही. ज्या ट्रेलरला ३,५०० पाउंडाचे दोन अॅक्सल असतात त्याची एकूण मर्यादा साधारण ७,००० असते (जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, ट्रेलरच्या पुढच्या बाजूला प्लेटवर छापलेलं असतं), म्हणजे त्यात जागा सातांची आणि परवानगी दोघी-तिघींची. ज्याला हे माहीत नाही तो सातही भरतो, टायर फुटेपर्यंत सगळं छान चालतं.

आता इथे स्टील-अॅल्युमिनियमचा प्रश्न खरा सुरू होतो. धातू म्हणून अॅल्युमिनियम स्टीलच्या एक-तृतीयांश वजनाचं, पण ट्रेलर काही एक-तृतीयांश होत नाही कारण पत्रा आणि चॅनल जाड घ्यावे लागतात, आणि अॅक्सल, चाकं आणि कपलर (हिचला अडकणारं ट्रेलरचं तोंड) दोन्हीत तेच. मी बघितलेल्या १६ फुटीत स्टीलचे साडेतीन हजाराच्या थोडे वर होते, अॅल्युमिनियमचा २,७०० च्या आसपास. वर रबर मॅट, एक चार बाय सहाची पाऊण इंची मॅट शंभरेक पाउंडांची असते, अशा चार म्हणजे ४०० गेले. ८,००० मधून वजा करा, स्टीलमध्ये उरतात चार हजार नि थोडे, अॅल्युमिनियममध्ये ४,९००. तीन गाई का चार गाई. झालं, एवढाच फरक. पैसे मात्र दीडपट ते दुप्पट.

मग घ्यायचा का? माझ्यासाठी हो, कारण मला पिकअप बदलायचा नव्हता. तीन-चतुर्थांश टनाचा नवा ट्रक घेऊन त्याच्या मागे स्टीलचा लावणं हा ट्रेलरच्या फरकापेक्षा कितीतरी महाग सौदा. ज्याच्याकडे आधीच मोठा डिझेल ट्रक आहे त्याने वजनासाठी अॅल्युमिनियम घ्यायचं काही कारण नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्याने गंजाचा आणि पुढे विकताना येणाऱ्या किमतीचा विचार करावा. गूजनेकचं पण तसंच, तो ट्रकच्या बेडमध्ये बसतो, स्थिर चालतो, पण टंगवर २० टक्क्यांच्या आसपास वजन येतं, माझ्या स्टिकरला ते परवडत नाही.

नावं बरीच आहेत, आयोवाच्या सू सिटीचं विल्सन १८९० पासूनचं, पेनसिल्व्हेनियाचं ईबी १९३८ चं, फेदरलाइट पण आयोवातलंच, त्यांचे अॅल्युमिनियम ट्रेलर १९७३ पासून. सगळे चांगले, सगळे महाग. म्हणून आधी जुना शोधला.

एक जुना बघायला गेलो तो फोटोत चकचकीत होता. अॅल्युमिनियमचं हेच आहे, पॉवर वॉशर मारला की दहा वर्षांचा ट्रेलर पण नवरदेव. मी मालकाला म्हटलं मॅट उचलून बघू का, तर म्हणाला जड आहेत हो, कशाला. म्हटलं मी उचलतो. कोपरा धरून उलटली तर खाली ओलसर शेण-मुताचा थर आणि तो खरवडल्यावर पांढरी भुकटी, भुकटी झटकली की पत्र्याला सुईने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे. अॅल्युमिनियम लाल गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात पण जनावराचं मूत मॅटखाली महिनोन् महिने साचलं तर ते खातंच. मग पाठीवर झोपून खालून बघितलं, एका क्रॉसमेंबरजवळ (जमिनीखालची आडवी पट्टी) जिथे स्टीलचे बोल्ट आहेत तिथे जास्त, दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल म्हटल्यावर ते होणारच. मागच्या दाराच्या बिजागरीशी वेल्डिंगला केसासारखी चीर होती. टायरवर शेवटचे चार अंक बघितले (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल), नक्षी भरपूर शिल्लक पण टायर आठ वर्षांचे. ट्रेलरचे टायर झिजून नाही, वय होऊन जातात. राम राम म्हणून निघालो.

त्या चिरेचं टेन्शन का, तर स्टीलला चीर पडली की शेजारी रँचर त्याच्या शेडमध्ये दहा मिनिटांत रॉड मारून देतो. अॅल्युमिनियमला ते चालत नाही, टिग नाहीतर स्पूल गनचा मिग अशी वेगळी वेल्डिंग मशीन लागते, हात बसलेला माणूस लागतो, आणि वेल्ड केलं की उष्णतेने शेजारचा भाग मूळपेक्षा नरम पडतो. मी हे शेजाऱ्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, म्हणून तर मी स्टीलवाला आहे, माझ्याकडे वेल्डर आहे, तुझ्याकडे लॅपटॉप आहे.

शेवटी नवाच बुक करायचं ठरल्यावर आण्णांना व्हिडिओवर दाखवला. आण्णा सांगोल्याचे, उभा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेला, त्यांना वजन-बिजन, अॅक्सल-बिक्सल यात काही रस नाही. म्हणाले, "आरं, फोन खाली धर की. त्यो पत्रा नि दार यात फट केवढीय?" मी म्हटलं दोन-अडीच इंच असेल आण्णा. "शेरडाचं खूर जातंय त्यात. पाय कुठं अडकतोय ते आधी बघ, बाकीचं तुझं तू बघ." आणि खरंच सांगतो, एवढे डीलर फिरलो, एकानेही फटीबद्दल शब्द काढला नव्हता. गाईसाठी बनवलेल्या ट्रेलरच्या बाजूच्या झडपा शेळीच्या पिल्लाला धोक्याच्या असतात, खालची पहिली फट किती उंचीवर आहे ते बघावं लागतं. मी मग खालचा दोन फूट भाग पूर्ण बंद आणि वर झडपा असा घेतला, मधल्या गेटखाली रबराची पट्टी लावून घेतली. वरच्या झडपा मात्र उघड्याच, इथे जुलै-ऑगस्टमध्ये ३८-४० सहज जातं, हवा खेळलीच पाहिजे, उभ्या ट्रेलरात जनावर पंधरा मिनिटं पण ठेवू नये.

बाकी निवडी पटापट झाल्या. मागचं दार पूर्ण उघडणारं पण त्यातच अर्धा सरकता दरवाजा, कारण शेळ्या एकदा पूर्ण दार उघडं दिसलं की सगळ्या एकदम बाहेर. मधलं गेट आपटलं की आपोआप लागणारं, कारण १,२०० पाउंडाची गाय मागे वळली तर खिट्टी शोधायला वेळ नसतो. पुढे माणसाला निसटायला छोटं दार, हे नसेल तर ट्रेलर घेऊच नका. जमीन उठावाच्या रेघा असलेल्या अॅल्युमिनियम फळ्यांची, लाकडाची नको म्हटलं, हल्लीच्या प्रेशर-ट्रीटेड लाकडात तांबं असतं आणि ते अॅल्युमिनियमला लागून ओलं राहिलं की खातं. अॅक्सल ५,२०० चे दोन, म्हणजे क्षमता माझ्या ८,००० च्या वर, तेवढी मार्जिन पाहिजेच.

ब्रेक दोन्ही अॅक्सलना इलेक्ट्रिक, टेक्ससमध्ये ४,५०० पाउंडांच्या वर ब्रेक लागतातच. ट्रेलर सुटला तर एक पिन निघते आणि आपोआप ब्रेक लावणारी छोटी बॅटरी असते, डिलिव्हरी घेताना मी ती पिन ओढून दाखवा म्हणून हट्ट धरला, पोरगं वैतागलं पण दाखवलं त्याने. १ जानेवारी २०२५ पासून इथे खाजगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनच बंद झालंय, म्हणजे तपासणारा आता आपणच.

कागदपत्रं त्या मानाने सोपी. कम्प्ट्रोलरकडून (राज्याचं कर खातं) शेतकऱ्यांना करमाफीसाठी मिळणारा अॅग-टिंबर नंबर आधीच काढलेला होता, तो गाडी नोंदणीच्या १३०-यू फॉर्मवर टाकला की शेतीच्या ट्रेलरला ६.२५ टक्के टॅक्स माफ होतो. १५-२० हजार डॉलरच्या वस्तूवर ही रक्कम लहान नाही. अट अशी की ट्रेलर मुख्यतः शेतीच्याच कामाला पाहिजे, निम्मा वेळ फ्रिस्कोच्या मित्रांचं सोफा-कपाट शिफ्ट करायला वापरला तर ते त्यात बसत नाही, आणि ट्रेलर आल्यापासून अशा मित्रांचे फोन वाढलेत हे आहेच. फार्म ट्रेलरच्या प्लेटची फी ५ डॉलर, वर काउंटीची किरकोळ.

गाई अजून त्यात चढायला कुरकुर करतात. खाली चकचकीत दिसतं म्हणून असेल, नाहीतर पाय टाकला की आवाज होतो म्हणून. मॅटवर थोडं गवत पसरून ठेवलं, दोन संध्याकाळी ट्रेलर कुंपणाला लावून दार उघडंच ठेवलं आणि आत खाद्य टाकलं, मग म्हातारी गाय गेली आणि तिच्यामागे बाकीच्या. नवीन चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर टॉर्क रेंचने परत आवळायला सांगितलेत, दहाला आणि पंचवीसला झालं, पन्नासचं येत्या सोमवारी सेल बार्नहून परत आल्यावर.