हजेरीच्या रकान्यातलं वर्ष

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या कपाटात कोपरे झिजलेलं एक लांबट कॅटलॉग, म्हणजे वर्गाचं हजेरीपुस्तक, असतं. वर्ष कसं गेलं हे विचारायचं तर ते याला. शासन निर्णयांची फाईल तेच विचारलं तर भलतंच सांगेल. २०२३-२४ला पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं आली आणि पुढे गेलीही. २०२५-२६ला पहिलीची पुस्तकं नवी आली. गणवेशाचा रंग, शिलाई, कापड कुणी घ्यायचं, यावर तर दरवर्षी नवा कागद. हे सगळं शाळेत येतं आणि मुरतं. पटावरच्या लेकरांचं तसं नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा मोठी भावंडं सरकी लावायला रानात असतात किंवा धाकट्याला सांभाळत घरी. म्हणून पहिले पंधरा दिवस नावं पेन्सिलीनं लिहिलेली बरी. त्याच दिवसांत आधार कार्ड आणि जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची दाखल-नोंदवही, शेजारी शेजारी ठेवून ताडून घ्यावं. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख असलेली लेकरं वर्गागणिक निघतात, आणि जन्माचा दाखला वेगळाच महिना सांगतो. कुठं आईच्या नावाचं स्पेलिंग फिरलेलं असतं. ही दुरुस्ती ऑगस्टच्या आत उरकली नाही तर ते लेकरू वर्गात बसून पाढे म्हणतं, पण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या हिशेबात, मोजलं जात नाही. मोजणी ३० सप्टेंबरच्या पटावर. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात ६० पटाला दोन शिक्षक आणि ६१ ते ९०ला तीन, म्हणजे एका जन्मतारखेवर एक शिक्षक अडकू शकतो.

दुपारच्या खिचडीचा रोजचा हिशेब त्यापेक्षा सोपा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. ४३ हजर असतील तर ४ किलो ३०० ग्रॅम तांदूळ, ८६० ग्रॅम डाळ. आकडा परिपाठ संपताच खिचडी शिजवणाऱ्या मावशींना द्यायचा. उशीर झाला की त्या कालच्या अंदाजानं आधण ठेवतात आणि मग एक तर खिचडी उरते, नाही तर शेवटच्या रांगेला करपलेली खरवड. अंड्याचा दिवस असेल तिथं अंदाज वाढवून धरावा, हजेरी वाढतेच.

कॅटलॉग खरं बदलतं ते दसरा-दिवाळीच्या दरम्यान. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची कुटुंबं ट्रॅक्टरमध्ये भांडी, शेळी, सरपण घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दुसरीतलं लेकरू सोबत जातं ते कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला राखायला. अशा वेळी घाईनं शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊ नये. दाखला गेला की नाव कमी होतं आणि मार्चमध्ये परतलेल्या लेकराला पुन्हा दाखल करण्याचं घोडं मध्ये अडतं. तिथल्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड भरून द्यावं, त्यात लेकराला काय येतं ते नेमकं लिहावं. ‘प्रगती समाधानकारक’ हे शब्द कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना काहीच सांगत नाहीत. ‘काना-मात्रेचे शब्द वाचते, जोडाक्षर अडते, बिनहातच्याची वजाबाकी येते’ हे सांगतं. आधी मात्र घरी आजी-आजोबा आहेत का ते विचारावं. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर लेकरू गावातच राहतं. त्यासाठी पालकांशी बोलणं सप्टेंबरात व्हायला हवं. ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यावर कुणाचंच कुणी ऐकत नाही.

मार्च-एप्रिलला ही लेकरं परततात तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटाकडे असतो. त्यांना त्याच पानावर बसवलं की ती फळ्यावरचं सुबक उतरवून घेतात आणि वही तपासणाऱ्याची फसगत होते. आधी दहा मिनिटं एकेकट्याला वाचून घ्यावं, पाच गणितं द्यावीत. ५२ वजा २७ला उत्तर ३५ आलं तर दुखणं कळलं: लेकरानं मोठ्या अंकातून लहान वजा केला, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन. इथं पुन्हा पुन्हा फळ्यावर हातचा मांडून उपयोग होत नाही. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, बोटभर लांबीच्या तोडाव्यात, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्यांनी दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात काढायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. सुट्या झाल्या १२, गठ्ठे उरले चार. १२तून सात गेल्या, पाच राहिल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन राहिले. २५. गठ्ठा लेकरानं स्वतः सोडला पाहिजे, बाईंनी सोडून दाखवला की तो बाईंचाच खेळ होतो. तुराट्या फार बारीक घेऊ नयेत, चकती आवळली की मोडतात आणि दहाच्या गठ्ठ्यात अकरा तुकडे होतात.

वाचनाला मात्र अशी युक्ती नाही, रोज वीस मिनिटं शेजारी बसणं एवढंच. दोन शिक्षकी शाळेत ती वीस मिनिटं चार वर्गांतून चोरावी लागतात. सकाळची शाळा सुरू झालेली असते, त्यामुळे तीही ऊन चढायच्या आत.

१ मेला निकाल वाटताना प्रगतिपत्रकावर सगळ्यांची श्रेणी जवळपास सारखी दिसते. बदल्यांचे दिवसही तेच. म्हणून कॅटलॉगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, पाच महिने बाहेर राहिलेल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: वाचन कुठं अडतं, वजाबाकी कुठवर आली आणि दिवाळीनंतर घरी कोण असतं. पुढच्या सरांना किंवा बाईंना त्यातल्या तिसऱ्या गोष्टीचा उपयोग सप्टेंबरात होईल.