घड्याळं मागेपुढे करणं बंद करावं का?

मार्च उजाडला की परदेशी क्लायंटबरोबर काम करणारी मंडळी हमखास विचारतात, ‘अमेरिका-युरोपवाले वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात, ते एकदाचं बंद का करत नाहीत?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बंद करावंच. मात्र कायम ठेवायची ती प्रमाणवेळ (हिवाळ्यातली मूळ वेळ), तासभर पुढे केलेली उन्हाळी वेळ नव्हे.

संध्याकाळी जास्त उजेड मिळतो म्हणून उन्हाळी वेळ लोकांना आवडते. पण डिसेंबरअखेर लंडनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो. उन्हाळी वेळ कायम केली तर नऊ वाजून जातील. ब्रिटनने १९६८ ते १९७१ हे करून पाहिलं आणि सोडलं. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये सुरू केलं, मुलं मिट्ट काळोखात शाळेला निघू लागली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माघार घ्यावी लागली. रशियाही २०११ मध्ये उन्हाळी वेळेवर स्थिरावला आणि २०१४ मध्ये प्रमाणवेळेवर परतला. इतकं झाल्यावर पुन्हा तोच प्रयोग करू नये. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळबदल थांबवण्याच्या बाजूने ४१० विरुद्ध १९२ मतांनी कौल दिला, पण सदस्य देशांची सरकारं निर्णयच घेईनात.

तोवर आपल्याकडचा गोंधळ चालूच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आपल्यापासून साडेनऊ तासांवर आलेलं असतं आणि लंडन मात्र साडेपाचवरच असतं. मीटिंग कोणी लावली तेही पाहा. पुण्यातून संध्याकाळी सातची लावली तर न्यूयॉर्कला हिवाळ्यात साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ वाजतात. तिथून सकाळी साडेनऊची आली तर उन्हाळ्यात आपल्याकडे सात, हिवाळ्यात आठ. निमंत्रणात बारा महिने ‘ईएसटी’ (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) लिहू नका, ते फक्त हिवाळ्याचं नाव आहे. ‘न्यूयॉर्क वेळ’ लिहा.

सर्व्हरवर खरी फसगत होते. न्यूयॉर्कच्या वेळेवर रात्री अडीचचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलात तर मार्चच्या त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. दोनवरून थेट तीन होतात आणि जॉब राहून जाऊ शकतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो, तेव्हा बिलिंग दोनदा चालण्याची भीती. असे जॉब यूटीसीवर, म्हणजे कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक वेळेवर ठेवा. पुढच्या अपॉइंटमेंट मात्र नुसत्या यूटीसीत साठवू नका. स्थानिक वेळ आणि शहराचा टाइम झोन दोन्ही ठेवा. उद्या त्या देशाने नियम बदलला तर यूटीसीतली नोंद तासाभराने सरकलेली दिसेल.

म्हणूनच बंद करताना घाई नको. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने बदल पुढे ढकलल्याचं जेमतेम तीन दिवस आधी जाहीर केलं. अनेकांनी ते मानलं नाही आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. कुठल्या टाइम झोनमध्ये घड्याळ कधी बदलतं याच्या नोंदींचा डेटाबेस सुधारून तो प्रत्येक फोन, सर्व्हर आणि विमान कंपनीच्या वेळापत्रकापर्यंत पोचायला महिने लागतात. त्यामुळे तारीख किमान वर्षभर आधी जाहीर व्हायला हवी.