१० जूनचा फळा

ठाण्यात नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडी भागातल्या जुन्या सोसायट्यांच्या गेटपाशी दिनविशेषाचा फळा असतो. वर सुविचार, खाली पाणी किती ते किती बंद याची सूचना, आणि मधे जेमतेम चार ओळींची जागा. इतक्या कमी जागेत दोन घटना शेजारी बसवायच्या तर सगळ्यात घातक शब्द म्हणजे 'त्याच वेळी'.

१० जूनचंच घ्या. १९४४ साली या तारखेला नाझींच्या एसएस दलाने फ्रान्समधलं ओरादूर-स्युर-ग्लान हे गाव माणसांसकट संपवलं. आणि याच तारखेला अमेरिकेत जो नक्सहॉल नावाचा मुलगा सिनसिनाटी रेड्स संघाकडून मेजर लीग, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरचं बेसबॉल खेळायला उतरला. वय १५ वर्षं, १० महिने, ११ दिवस. जोडी इतकी टोकाची आहे की हात आपसूक लिहून जातो: 'गावाची कत्तल चालू असताना तिकडे सामना रंगला होता.' तारीख बरोबर आहे, वाक्य चुकीचं.

घड्याळ मांडून बघा. त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये जर्मन वेळ चालायची, ग्रिनिचच्या दोन तास पुढे. सिनसिनाटी ओरादूरच्या निदान सहा तास मागे. सैनिक गावात शिरले दुपारी दोनच्या सुमारास. चर्चमध्ये कोंडलेल्या बायका-मुलांचा शेवट साधारण पाचला सुरू झाला, तेव्हा सिनसिनाटीत सकाळचे फार तर अकरा. सामना अगदी भर बाराला सुरू झाला असं धरलं तरी ओरादूरला संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा, आणि नक्सहॉलच्या हातात चेंडू आला तो तर नवव्या डावात.

आपल्या घड्याळाची गंमत वेगळीच. आजच्या सवयीने ग्रिनिच अधिक साडेपाच धराल तर फसाल. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतात घड्याळ एक तास पुढे होतं, म्हणजे साडेसहा. त्यात मुंबईत काही ठिकाणी जुना 'मुंबई टाइम' चालूच, तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. त्या पुढे केलेल्या प्रमाणवेळेने ओरादूरचे दुपारचे दोन म्हणजे ठाण्यात संध्याकाळचे साडेसहा. आणि तो नववा डाव? तोवर ठाण्यात मध्यरात्र उलटून ११ जून लागलेला. तरी फळ्यावर तारीख घटना जिथे घडली तिथलीच लिहायची, नाहीतर अर्धा इतिहास एक दिवस पुढे सरकवावा लागेल.

गावाबद्दल लिहिताना वारही बघायचा. तो शनिवार होता, पण तेव्हा फ्रान्समध्ये शाळांना आठवड्यामधली सुट्टी गुरुवारी असे, शनिवारी वर्ग भरत. त्यामुळे मुलं घरी नाही, शाळेत सापडली. तंबाखूच्या रेशनचा दिवस असल्याने गावात माणसंही जास्त होती. एसएसच्या 'दास राइश' रणगाडा डिव्हिजनच्या तुकडीने सगळ्यांना चौकात आणलं आणि पुरुष वेगळे काढले. त्यांना सहा जागी नेलं, कोठारं, गॅरेज अशा. तिथे गोळ्या घातल्या, मग पेंढा टाकून आग लावली. त्यातल्या एका कोठारातून पाच जण जिवंत निसटले. शाळेतून पळून वाचलेला मुलगा एकच, रोजे गोदफ्रँ. चर्चमधून एकटी मार्गरीत रुफांश वाचली. ती वेदीमागच्या खिडकीतून खाली पडली, अंगात पाच गोळ्या लागल्या, तशी सरपटत वाटाण्याच्या वाफ्यात शिरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरापर्यंत मातीत पडून राहिली. त्या आगीत चर्चची घंटा वितळली. तिचा गोळा आजही त्या पडक्या चर्चमध्ये आहे.

आकडा ६४२ लिहायचा की ६४३? बहुतेक पुस्तकांत ६४२ सापडेल. अलीकडे एका स्पॅनिश निर्वासित बाईचं नाव त्यात जोडलं गेलं, म्हणून ६४३. नवा आकडा लिहा, पण कुणी जुनं पुस्तक घेऊन आलं तर भांडू नका.

नावाचा घोळही होतो. त्याच भागात ओरादूर-स्युर-व्हेर हे दुसरं गाव आहे. म्हणून नुसतं 'ओरादूर' लिहून जागा वाचवायची नाही. लिदित्से हा आणखी एक सापळा. चेक प्रदेशातल्या त्या गावातल्या १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या त्याही १० जूनलाच, पण १९४२ साली. फळ्यावर साल घाईने गिरवलं की ४२ चे ४४ होतात आणि एक गाव दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतं.

बेसबॉलची ओळ सोपी वाटते, तीच क्रिकेटवाल्यांना चकवते. नक्सहॉलच्या नावापुढे ०.२ डाव असतं. ते दशांश नव्हे. आपल्याकडे ३.२ षटकं म्हणजे तीन षटकं दोन चेंडू, तसं ०.२ म्हणजे एका डावातले तीनपैकी दोन बळी, दोन तृतीयांश डाव. तेवढ्यात पोराने पाच जणांना फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं, दोन हिट खाल्ले, पाच धावा दिल्या. दिलेल्या धावांची सरासरी दर नऊ डावांमागे काढतात: पाच गुणिले नऊ, भागिले दोन तृतीयांश, ६७.५०. दशांश समजून भागाल तर २२५ येईल. तो आला तेव्हा रेड्स १३-० ने मागे होते, संपलं १८-० वर. समोर सेंट लुइस कार्डिनल्स. पुन्हा मेजर लीगमध्ये यायला त्याला १९५२ उजाडलं.

मग तिकडे खेळ थांबवला का नाही, असं विचारणारे भेटतील. ६ जूनला नॉर्मंडीत फौजा उतरल्या, ती बातमी लगेच पोचली आणि त्या दिवशीचे मेजर लीगचे सामने पुढे ढकलले गेले. १० जूनला मात्र ओरादूर जर्मनांच्या ताब्यात होतं. सिनसिनाटीत कुणाला कळण्याची सोयच नव्हती, त्यामुळे त्या मुलावर बेफिकिरीचा ठपका येईल असा एकही शब्द नको. 'त्याच वेळी' पुसा, 'त्याच तारखेला' लिहा. दोन अक्षरं जास्त लागतात, खडू झिजू द्या.

१० जून १९४४ लाच ग्रीसमधल्या दिस्तोमो गावात एसएसच्याच एका वेगळ्या डिव्हिजनने २१८ गावकरी मारले. चार ओळींत त्यांना जागा उरत नाही. ते पुढच्या वर्षीच्या १० जूनला, एकटेच, शेजारी कुठलाही सामना न ठेवता.