सत्तरीचा लाल चिखल आणि इलेक्ट्रिक ड्युअल-स्पोर्टचे नवे टायर: म्हापसा ते तांबडी सुर्ला

चवथ झाली, गणपतीवरची फळापानांची माटोळी उतरली आणि पावसानं जरा दम घेतला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मावशीकडे जायचं, हे आमचं ठरलेलं. या वेळी त्या फेरीला आणखी एक काम जोडलं. माझ्या इलेक्ट्रिक ड्युअल-स्पोर्टला, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या मोटरसायकलला, नवे टायर घातले होते आणि ते गोव्यातल्या खऱ्या रस्त्यांवर पारखून घ्यायचे होते. म्हापसा-पणजीच्या डांबरावर कुठलाही टायर बरा वाटतो. खनिजाच्या ट्रकांचा रस्ता, घाटातलं शेवाळ आणि जांभ्याचा चिखल असं तिन्ही एका दमात हवं असेल तर डिचोली, साखळी, केरी, वाळपई हीच वाट. सोबत मावसभाऊ त्याच्या हिरोच्या एक्सपल्स मोटरसायकलवर. चाकं दोघांच्या गाड्यांची एकाच मापाची, एक पेट्रोलवर, एक बॅटरीवर, त्यामुळे तुलना आपोआप होत गेली.

आधी जुने टायर का गेले ते सांगतो, कारण नवे निवडताना सगळं त्यावरच ठरलं. पुढचा अजून बरा होता. मागचा मात्र मधोमध गोटा झालेला आणि कडेच्या बटणांना, म्हणजे रबराच्या सुट्या उंच ठोकळ्यांना, जवळपास हात लागलेला नाही. इलेक्ट्रिक गाडीत हे असंच होतं. मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे सिग्नलवरून निघताना सगळा मार मागच्या रबराच्या मधल्या पट्ट्यावर. मूठ सोडली की रीजन लागतो, म्हणजे मोटरच ब्रेकसारखी वेग कमी करून चार्ज परत बॅटरीत टाकते, तोही फक्त मागच्याच चाकावर. म्हणजे वेग वाढवताना मागचा टायर घासतो आणि कमी करतानाही तोच घासतो. वर बॅटरीचं वजन. मावसभावाचा मागचा टायर त्याच काळात असा मधोमध झिजला नव्हता. कायद्यानं दुचाकीच्या टायरच्या नक्षीची ०.८ मिलिमीटर खोली उरली तरी चालते, पण गोव्याच्या पावसात त्या आकड्यावर विसंबू नका. जूनच्या आधी मधल्या पट्ट्यात दोन मिलिमीटरही उरले नसतील तर टायर बदलाच.

माझी मापं पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८. आपल्याकडे हे नशीबच म्हणायचं. पुढचं माप एक्सपल्सचं, रॉयल एन्फिल्डच्या जुन्या हिमालयन ४११ चं आणि नव्या ४५० चंही तेच, मागचं एक्सपल्सचं. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीसाठी खास टायर शोधत बसायची गरज पडत नाही. ज्यांच्या गाडीला १९ आणि १७ इंची चाकं आहेत त्यांनी आधी आपल्या मापात देशी काय मिळतं ते बघावं. आवडत्या टायरच्या मागे लागून माप बदलू नये. मागे १३० किंवा १४० मिलिमीटर रुंदीचा घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. चेनगार्ड आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला घासण्याचा धोका तर आहेच, शिवाय चाकाचा घेर बदलला की स्पीडोमीटरचा आकडा चुकतो आणि एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, हिशेबही बिघडू शकतो. रुंद टायर जास्त बॅटरी खातो ते वेगळंच.

दुकानात टायर हातात घेतलात की बाजूवरचे आकडे वाचा. मापापुढे जो आकडा असतो तो भाराचा. ५४ म्हणजे २१२ किलो, ६२ म्हणजे २६५ किलो. पेट्रोलच्या हलक्या गाडीला जो भारांक चालतो तो बॅटरीच्या गाडीला पुरेलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलाय त्यापेक्षा खालचा घेऊ नका, मग दुकानदार काहीही म्हणो. भारांकाला चिकटून वेगाचं अक्षर येतं, पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०. आणि डॉट या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा: २३२५ असेल तर टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला. दुचाकीचे ऑफ-रोड टायर आपल्याकडे रोज खपत नाहीत, दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असतात. बाहेरून नवा दिसतो, आत रबर कडक झालेलं असतं, आणि ते पहिल्या पावसातच कळतं.

आता निवड. माझं मत स्पष्ट आहे: इलेक्ट्रिक ड्युअल-स्पोर्टला पुढे आणि मागे एकाच जातीचा टायर घालायची सक्ती मानू नका. पुढे मोकळ्या बटणांचा, चिखल फेकणारा टायर घ्या. मागे मात्र मधल्या पट्ट्यात जवळजवळ ठोकळे असलेला, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता साधारण साठ-चाळीस धरून बनवलेला. मागे पूर्ण बटण टायर घातला तर मोटर तो बघता बघता खाऊन टाकते, गाडी डांबरावर वळवळते आणि चार्जही लवकर संपतो. पुढच्या चाकाला मोटर नाही, रीजन नाही. तिथे बटणं टिकतात. आणि चिखलात पुढचं चाक गेलं की गाडी हातातून गेली, मागचं घसरलं तर निदान सावरता येतं. मावसभाऊ उलट म्हणतो, चढावर मागचा फिरत राहिला तर पुढच्या बटणांचं काय लोणचं घालायचं? त्याच्या गाडीपुरतं ते बरोबर आहे, त्याला इंजिनाचा जोर वर चढवावा लागतो. माझ्या गाडीत हलक्या मुठीनं अगदी रांगत चढता येतं, इंजिन बंद पडायची भीतीच नाही.

ब्रँडबद्दल एवढंच, की मितास, पिरेली उत्तम आहेत, पण एकटा मागचा बऱ्याचदा देशी जोडीपेक्षा महाग पडतो. आणि इलेक्ट्रिकला मागचाच लवकर बदलावा लागतो. म्हणून मागे देशी आणि पैसे घालायचे तर पुढे घाला.

म्हापशाहून अस्नोडा, डिचोली सकाळी लवकर गाठलं. पुढच्या बटणांचा गुंजारव इथेच पहिल्यांदा नीट ऐकू आला. पेट्रोलच्या गाडीवर इंजिनाच्या आवाजात तो बुडून जातो. इथे ताशी ५० च्या पुढे अखंड घूं चालू असते. मला आवडला, पण रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं.

डिचोली ते साखळी आणि पुढे होंडा गावाकडचा पट्टा खनिजाचा. ट्रकांतून सांडलेली बारीक माती पावसात भिजते आणि डांबरावर तांबडा, तुळतुळीत थर बसतो. ऊन पडलं की तोच भुसभुशीत धुरळा. ओल्या थरावर बटणं कमी पडतात, कारण खाली डांबर असतं, बटणाला रुतायला काहीच नाही. इथे मागच्या टायरचे जवळचे ठोकळे कामी आले. पण टायरपेक्षा जास्त उपयोग झाला रीजन कमी करण्याचा. ओल्या वळणात मूठ एकदम सोडली आणि रीजन जोरात असला तर मागचं चाक ब्रेक न दाबताही घसरतं. काही गाड्यांत हा घसरा एबीएसला आवरता येत नाही. ज्यांच्या गाडीत रीजनची पातळी बदलता येते त्यांनी साखळीच्या अलीकडेच ती खाली आणावी आणि ब्रेक बोटांनी लावावा.

केरीहून चोर्ला घाट. धरणाच्या बाजूनं चढ सुरू झाला की धुकं अंगावर येतं. सावलीतल्या वळणांत कडेला हिरवं शेवाळ चढलेलं असतं, ते टाळून मधल्या चाकोरीत राहायचं. बेळगावचे ट्रक आणि बस भरधाव उतरतात, आणि तुमच्या गाडीला आवाज नाही हे विसरू नका. वळणावर हॉर्न वाजवा. जुन्या टायरांच्या मानानं चढाला चार्ज थोडा जास्त गेला, बटणांचा तो कर आहेच. उतरताना रीजननं थोडा परत आला, पण ओल्या घाटात रीजन वाढवून चार्ज कमवायचा लोभ करू नये.

मावशीकडची वाट म्हणजे खरी परीक्षा. मुख्य रस्ता सोडला की जांभ्याची पायवाटेएवढी वाट, दोन्ही बाजूंना कुळागर, वर पोफळींची सावली, त्यामुळे वाट दसऱ्यापर्यंत सुकत नाही. वर लालभडक चिखलाचा बोटभर थर, खाली कडक जांभा, आणि मध्ये सुटे खडे. इथे हवा कमी केली, पुढे २० आणि मागे २२ पीएसआय. ट्यूब असलेल्या चाकात याहून फार खाली गेलात तर जांभ्याच्या कडेवर ट्यूब चिमटून फुटते. पुढच्या चाकानं रेघ धरली ती सोडली नाही. बटणांमधला चिखल चाक फिरेल तसा उडत होता, मडगार्डच्या आतून तडतड आवाज येत होता. मावसभावाच्या पुढच्या टायरची नक्षी मात्र पहिल्या उतारातच भरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी निघताना मागच्या चाकात एक गोष्ट दिसली, जी इलेक्ट्रिकवाल्या प्रत्येकानं बघायला शिकलं पाहिजे. हवा भरायचा व्हॉल रिममधून सरळ बाहेर येत होता तो तिरका झाला होता. वाळपईच्या पंक्चरवाल्यानं गाडी उभी राहताच तेच बोट दाखवून सांगितलं, ‘‘बाब, व्हॉल तिरको जाला.’’ हवा कमी असताना मोटरचा झटका बसला की टायर रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते. असं होत राहिलं तर व्हॉल मुळातून उपटतो आणि त्या ट्यूबला पंक्चरची ठिगळं लावून उपयोग नसतो. त्यानं हवा काढली, टायर दोन्ही बाजूंनी दाबून सुटा केला, साबणाचं पाणी फिरवलं, ट्यूब सरळ केली आणि पुन्हा हवा भरली. दुपारच्या चहाआधी काम झालं.

त्यावर उपाय दोन. व्हॉलवरची चकती-नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीला लावून ठेवा. म्हणजे ट्यूब सरकली तर व्हॉल तिरका होऊन दिसतो, आवळून तुटत नाही. वारंवार कमी हवेवर चालवणार असाल तर मागे टायरला रिमवर सरकू न देणारा रिम लॉक बसवा. त्याला रिममध्ये आणखी एक भोक लागतं, ते चांगल्या कारागिराकडूनच करून घ्या. चिखल संपून डांबर लागलं की हवा लगेच पूर्ववत करा; छोटा बॅटरीवरचा पंप सोबत असला की आळस होत नाही.

टायर बदलून घेताना, किंवा रस्त्यात स्वतः चाक काढताना, किल्ली बंद करून खिशात ठेवा. पेट्रोलची गाडी चालू असली तर आवाजानं कळतं. ही मुकाट्यानं चालू असते, आणि मागचं चाक उचललेलं असताना कुणाचा हात मुठीला लागला तर चेनमध्ये बोटं जातात. गोव्यातल्या बहुतेक पंक्चरवाल्यांना याची सवय नाही, आपणच आधी सांगावं. टायरच्या बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेनं आहे ना, हे हवा भरायच्या आधी बघा. नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, पहिले शंभरेक किलोमीटर वळणात गाडी झोपवू नका. आणि सोबत एकच ट्यूब ठेवायची असेल तर २१ इंची ठेवा, अडीअडचणीला ती मागच्या १८ इंचीत घालून घरापर्यंत येता येतं.

होंडा, उसगाव, धारबांदोडा करत साकोर्ड्यावरून तांबडी सुर्ल्याला गेलो. कदंबकालीन महादेवाचं देऊळ काळ्या दगडाचं, भोवती जंगल, नदीचा आवाज. गाडी खाली लावून चालत जायचं. इथून पुढे गाडी घालायचा मोह आवरा. हा भाग भगवान महावीर अभयारण्याचा आहे, तसंच वाळपईच्या बाजूला १९९९ साली जाहीर झालेलं म्हादई अभयारण्य. जंगलातल्या वाटांवर वन खात्याच्या परवानगीशिवाय चाक नेऊ नये. समुद्रकिनाऱ्याचंही तेच, वाळूत गाडी घालणं गोव्यात गुन्हा आहे, टायर कितीही बटणांचे असोत. कच्चा रस्ता हवा असेल तर सत्तरी, धारबांदोडा, सांग्यात गावांना जाणारे भरपूर आहेत. माणसं विचारलं तर वाट दाखवतात, चहाला बसवतात.

चार्जिंगसाठी मुक्कामाच्या जागी १६ अँपिअरचा पॉइंट आहे का हे फोनवरच विचारून घ्या. गावात वीज वादळात जाते, त्यामुळे रात्री झोपायच्या आधीच गाडी लावून मोकळं व्हायचं, पहाटेवर ठेवायचं नाही. बटण टायर घातल्यावर पुस्तकातल्या पल्ल्यातून निदान दहावा हिस्सा वजा धरून आखणी करा, घाट असेल तर आणखी.

परत आल्यावर मागच्या टायरची खोली मोजून ठेवली आहे. मधले ठोकळे अजून धारदार आहेत. पुढचा तसाच ठेवून मागचा पुढच्या मे महिन्यात बदलायचा विचार आहे, आणि तो एप्रिलमध्येच सांगून ठेवणार. जून लागला की म्हापशात, फोंड्यात १८ इंची मिळता मिळत नाही.