आमची वाटचाल : 266 चे 333

सांगलीत 2008 ला आम्ही असेंबल्ड पीसीचं दुकान टाकलं तेव्हा लोक बजेट ड्युअलकोरचं सांगायचे आणि त्याच दमात क्वाडकोरचा स्पीड मागायचे. ते गणित ओव्हरक्लॉकशिवाय, म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडनं चालवल्याशिवाय, बसत नव्हतं, आणि आम्ही ते चोरून नाही, बिलावर लिहून केलं. "एफएसबी 333 केली आहे, जबाबदारी दुकानाची" असं पेनानं लिहून खाली सही. एफएसबी म्हणजे बोर्डचं मूळ घड्याळ, मेगाहर्ट्झमधे; त्याला प्रोसेसरच्या मल्टिप्लायरनं गुणलं की स्पीड. हे आधीच सांगतोय कारण पुढं ज्यांनी आम्हाला फसवे म्हटलं त्यांच्या बिलावर बोर्डचा मॉडेल नंबर पण नसायचा.

जुन्या लोकांना इंटेलचा ई2160 प्रोसेसर आठवत असेल. 200 गुणिले 9, म्हणजे 1.8 गिगाहर्ट्झ. एफएसबी 333 केली की तोच 3 ला, आणि 667 ची डीडीआर2 रॅम एकास एक रेशोवर आपल्या जागी, तिच्यावर काडीचा ताण नाही. क्वाडकोर क्यू6600 चं पण तेच, 266 ची 333 केली की 2.4 चा 3. फक्त जी0 स्टेपिंग, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, बघून घ्यायचा, वर एसएलएसीआर छापलेलं असतं, तो 95 वॉटचा. आधीचा बी3 105 वॉटचा, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला हात न लावलेला बरा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला वापरलेले प्रोसेसर बघायला मी खिशात भिंग घेऊन जायचो, दुकानदार म्हणायचा, साहेब सोनं घ्यायला आलाय काय.

पण खरा कारागीर मी नाही, मामा. टीव्ही-रेडिओ रिपेअर करणारे, सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं, आणि पहिल्या दिवसापासून अर्धी भागीदारी त्यांची. त्यांच्याकडं 25 वॉटची सोल्ड्रॉन, एक ॲनालॉग मीटर आणि टूथब्रश. जी31 चिपसेटच्या स्वस्त बोर्डवर सीपीयूच्या शेजारचे कपॅसिटर फुगलेले असले की मामा ते काढून चांगले लावायचे, व्हीआरएमच्या, म्हणजे सीपीयूला करंट देणाऱ्या भागाच्या, मॉसफेटवर जुन्या ॲम्प्लिफायरच्या हीटसिंकचे तुकडे कापून बसवायचे, आणि मगच मला बायोसला (बोर्डच्या सेटिंगला) हात लावू द्यायचे. "आधी करंट, मग स्पीड", हे त्यांचं वाक्य मला पोरगा असल्यासारखं ऐकवायचे. रात्री शटर ओढून प्राइम95, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी टेस्ट, लावून जायचं, सकाळी एका जरी कोरची टेस्ट थांबलेली दिसली तर मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

पुढची बरीच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2015 ला आमच्याच रस्त्यावर एक नवीन दुकान आलं. नाव लिहीत नाही, सांगलीकरांना कळेल. काचेचं काउंटर, निळ्या लाईटचे कॅबिनेट आणि स्वस्त सर्व्हिसिंग. आमच्या एका नेट कॅफेवाल्याची मशीन्स तिथं सर्व्हिसिंगला गेली, आणि परत आली तेव्हा आत आम्ही लावलेले एसएमपीएस (पॉवर सप्लाय) नव्हते, त्या जागी 450 वॉटचं स्टिकर लावलेले लोकल डबे. थोड्याच दिवसांत त्यातलं एक जळालं. काळ्या पडलेल्या बोर्डचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, खाली लिहिलेलं "ओव्हरक्लॉक केलेला पीसी, सावधान, आग लागू शकते". दुसरा फोटो तर त्याहून भारी, सीपीयू-झेडचा, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, त्यात 2 गिगाहर्ट्झ दिसतंय आणि खाली "3 सांगून 2 दिला". अरे बाबा, मशीन रिकामं बसलं की इंटेलचं वीज वाचवणारं स्पीडस्टेप मल्टिप्लायर 9 वरनं 6 वर आणतं, 6 गुणिले 333 किती होतात? दुसरीतलं पोरगं सांगेल. पण हे समजावून कोणाकोणाला सांगणार, मुंडी हलवणारे सगळे आणि ऑर्डर देणारा कोणी नाही. क्लासवाल्यांची ऑर्डर गेली, दुसऱ्या कॅफेची गेली, गाळ्याचं भाडं थकलं, मामांनी घरातनं पैसे आणून घातले आणि त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

जळालेलं मशीन आम्ही मागून आणलं. मामांनी तो एसएमपीएस उघडला, आत ट्रान्सफॉर्मर चिमणीएवढा आणि इनपुटला फिल्टर कॉईलच्या जागी सरळ वायरचे जंपर. तसलाच दुसरा डबा लोडवर लावला तर पिवळ्या वायरवर 11.1 व्होल्ट, 12 ची लाईन 11.4 च्या खाली जायलाच नको. त्यात बोर्डचे मॉसफेट गेले. प्रोसेसर? तो जिवंत! तोच क्यू6600 दुसऱ्या बोर्डवर चढवला, चांगला एसएमपीएस लावला, 333 ठेवली आणि काउंटरवर रस्त्याकडं तोंड करून प्राइम95 लावून ठेवलं. फोटो काढणारे बघून गेले, आत कोणी आलं नाही.

तेव्हा आमच्यासाठी उभे राहिले ते तासगावचे स्टुडिओवाले दादा. लग्नाच्या सीडीपासनं आमचं गिऱ्हाईक. सीझनमधे त्यांचं मशीन रात्रंदिवस रेंडरला असायचं, आमच्याच हातचं, 3 गिगाहर्ट्झवर. ज्याला शंका येईल त्याला ते सरळ स्टुडिओत बोलवायचे, चालू रेंडर दाखवायचे, कॅबिनेटवर हात ठेवा म्हणायचे, आणि चहा पाजून आमच्याकडं पाठवायचे. दुकान उघडं राहिलं ते त्यांच्यामुळं. पुढं त्यांना आय5-2500के दिला, 4.4 वर, त्याचं मेकिंग चार्ज आम्ही घेतलं नाही, ते भांडून देऊन गेले.

आता कोणी विचारलं नसलं तरी सांगतो. जुन्या प्रोसेसरवर पैसे वाचवताय ना, मग त्यातले अर्धे एसएमपीएसला घाला. व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका, बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतो. युट्यूबवर कोणाचा 4.8 चालला म्हणून तुमचा चालेल असं नाही, तुमच्या खोलीचं तापमान बघा. आणि व्हीआरएमला हीटसिंक नसलेल्या बोर्डवर क्वाडकोर ताणायच्या आधी कपॅसिटरकडं एकदा बॅटरी मारून बघा.

आज मामा दुकानात येत नाहीत, डोळ्यांना सोल्डर दिसत नाही. कोअर 2 चं, म्हणजे क्यू6600 च्या पिढीचं, काम बंद केलं, विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती त्यावर बूटच होत नाही, प्रोसेसरमधे पॉपसीएनटी ही इन्स्ट्रक्शन मागते. हल्ली एएमडीचे रायझन 3 1200 सारखे अनलॉक्ड (मल्टिप्लायर बदलता येणारे) येतात तेवढे करतो, बाकी इंटेलचे बहुतेक लॉक्डच. तो निळ्या लाईटवाला दुकानदार आता जुनी ओव्हरक्लॉक मशीन्स "टर्बो एडिशन" म्हणून विकतो, बिलावर अजूनही बोर्डचं नाव नसतं. आमच्या ड्रॉवरमधे 771 सॉकेटचे झिऑन (सर्व्हरचे प्रोसेसर) 775 सॉकेटच्या बोर्डवर चालवायचे पिन बदलायचे स्टिकर पडलेत, एक-दोन ई5450 पण आहेत, कोणाला जुना बोर्ड जिवंत ठेवायचा असेल तर घेऊन जा, फक्त बायोसमधे त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड आहे का ते आधी बघून या.